एकच बहीण

फुलाबाई तोंडाची कडू आहे, असं वालचंदनगरच्या कॉलनीत सगळेच म्हणत, आणि फुलाबाईला ते मान्य होतं. गोड बोलणारी माणसं तिनं माहेरी पोटभर बघितली होती. कंपनीत शिकाऊ म्हणून आलेल्या अठरा पोरांचे डबे ती करायची. एखाद्यानं भाजीला नाव ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात भाजीच नसायची, नुसती चटणी. पोरं कुरकुर करत, पण डबा कुणी बंद करत नसे. तशा चपात्या दुसरीकडं मिळत नव्हत्या.

तिचं माहेर माळेगाव बुद्रुकचं. अप्पांचा ऊस, घरात बैलगाड्यांच्या जागी आलेला ट्रॅक्टर, आणि तीन लेकरं. थोरला दत्तोबा, मधली फुलाबाई, धाकटी बनाबाई. फुलाबाई चोवीस वर्षांची असताना साखर कारखान्याच्या मिलचे रोलर बसवायला वालचंदनगरहून काही फिटर आले. त्यांतला गोकुळ हा एक. तो जातीनं वेगळा. त्यांचं कसं जमलं हे फुलाबाईनं पुढं कुणालाच नीट सांगितलं नाही. तिला असल्या गोष्टी सांगायची लाज नव्हती, कंटाळा होता. रोलर बसले, फिटर परत गेले आणि आठ दिवसांनी फुलाबाईही गेली.

अप्पांनी तिच्या नावानं आंघोळ केली. म्हणजे लेक मेली, सुतक संपलं. ओट्यावर बसून चार माणसांदेखत ते म्हणाले, की हिनं आमच्या रक्तात घाण केली, हिचं रक्त आता आमचं नव्हं. हे वाक्य गावातल्या भाजी विकणाऱ्या एका बाईनं बाजारात भेटून फुलाबाईला जसंच्या तसं पोचवलं. फुलाबाईनं तिच्याकडून अर्धा किलो गवार घेतली आणि वजन कमी भरतंय म्हणून भांडण काढलं.

पुढं सहा वर्षांनी आई वारली. फुलाबाई लेकीला कडेवर घेऊन माळेगावला गेली. दारात बनाबाई उभी होती. तिचं लग्न होऊन ती भिगवणजवळ डाळजला दिलेली, पण त्या दिवशी माहेरी आली होती. लहानपणी फुलाबाईनंच तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत नेलं. बनाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दादा बघंल. तू जा." फुलाबाईला दारातून आईचे पाय तेवढे दिसले. ती माघारी वळली. तेव्हापासून दत्तोबापेक्षा तिला बनाबाईचाच जास्त तिटकारा. दत्तोबा पहिल्यापासून तसाच होता. बनाबाई तशी नव्हती, आणि तरीही झाली.

रक्ताचं प्रकरण निघालं ते कॉलनीतल्या शिबिरात. शेजारणी निघाल्या म्हणून फुलाबाईही रक्त द्यायला गेली. बिस्किट खाऊन घरी आली आणि विसरून गेली. आठवड्यानं बारामतीच्या रक्तपेढीतून फोन आला, परत तपासायला या. तिला वाटलं, काहीतरी रोग निघाला. तिकडं मनिषा नावाची नवीनच लागलेली तंत्रज्ञ होती. तिनं समोर बसवून समजावून सांगितलं. फुलाबाईचा गट साध्या तपासणीत ओ दिसतो, पण तो ओ नाही. ए, बी आणि ओ या सगळ्यांच्या रक्तपेशींवर एक पदार्थ असतो, तो हिच्या पेशींवर नाहीच. त्यामुळं ती ओ गटाचं रक्तसुद्धा घेऊ शकत नाही. दिलं तर अंग ते नाकारील आणि जीव जाईल. तिला फक्त तिच्यासारख्याच माणसाचं रक्त चालतं, आणि असं माणूस हजारोंत एखादं. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून त्याला बॉम्बे म्हणतात.

कॉलनीत ही बातमी पसरली तेव्हा शेजारीण विचारायला आली, की तुम्ही मुंबईला कधी राहिला होता. फुलाबाईनं आयुष्यात मुंबई बघितली नव्हती. दुसरीनं विचारलं, की हे लागट असतं का, तुमच्या हातचं खाल्लं तर चालतं ना. तिला फुलाबाईनं सांगितलं, की चालतं, पण मेंदू असलेल्या माणसालाच. तुम्ही आपलं घरीच जेवा.

मनिषानं तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे आईबापांकडून येतं. दोघांकडूनही यावं लागतं. म्हणून सख्ख्या भावंडांत असण्याची शक्यता चारात एक. तुमच्या भावाबहिणीला तपासून घ्यायला सांगा. वेळ आल्यावर पळापळ करण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

फुलाबाई दोन दिवस विचार करत होती. गोकुळ कमी बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, की कळवून टाक, पुढं त्यांचं ते. तिनं पत्र लिहिलं. खुशाली विचारली नाही, दोष दिला नाही. रक्तगटाचं काय ते लिहिलं, रक्तपेढीचा नंबर दिला आणि पत्र रजिस्टरनं पाठवलं. पोचपावती परत आली. तिच्यावर दत्तोबाची लफ्फेदार सही होती. उत्तर आलं नाही. फुलाबाईला आश्चर्य वाटलं नाही, पण ती दोन महिने पोस्टमनची वाट बघत होती, हे गोकुळच्या ध्यानात आलं होतं.

त्यानंतर बारा वर्षं फुलाबाई बोलावलं की जायची. बाईमाणसाला दोन वेळांत चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून वर्षाला फार तर तीनदा. सोलापूर, पुणे, एकदा मिरज. कुणाचं बाळंतपण, कुणाचा अपघात. ती कुणाच्या घरी चहाला थांबत नसे आणि कुणी पायाला हात लावायला आलं तर पाय ओढून घेई. अंगात तयार होतंय म्हणून देतेय, विहिरीनं कधी पाया पडून घेतलंय का, असं ती म्हणायची.

या बारा वर्षांत तिकडं दत्तोबा मोठा माणूस झाला होता. एका पतसंस्थेवर संचालक, दोनतीन मंडळांचा अध्यक्ष, आणि दर वाढदिवसाला भव्य रक्तदान शिबीर. एसटीतून बारामतीला जाताना फुलाबाईला त्याचे फ्लेक्स दिसत. वीस फूट दत्तोबा, हात जोडलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'रक्ताचं नातं जपणारा माणूस'. रक्त देणाऱ्याला हेल्मेट किंवा कुकर. पेपरात फोटो यायचा, त्यात दत्तोबा कॉटवर आडवा, कोपराच्या खोबणीत कापूस, तोंडावर हसू. फुलाबाई असा फोटो डोळ्यांजवळ धरून बघायची. शर्टाची बाही वर केलेली नाही, कापूस बाहीवरच ठेवलेला, दंडाला पट्टा नाही, पिशवी नाही. मनिषाला तिनं एकदा आडून विचारलं. मनिषा हसली आणि म्हणाली, की फोटोपुरतं झोपणारे पुष्कळ असतात, आम्ही कापूस तेवढा देतो.

फोन आला तो मंगळवारी सकाळी, चपात्या चालल्या होत्या तेव्हा. अनोळखी नंबर. तिनं कान आणि खांदा यांच्यात चिमटून फोन धरला आणि लाटत राहिली.

"नमस्कार मॅडम. आपण वालचंदनगरच्या बॉम्बे ग्रुपवाल्या मॅडम ना?"

लाटणं थांबलं. सव्वीस वर्षांत आवाज जाडा झाला होता, पण तोच होता. पलीकडचा माणूस पुस्तकी मराठीत बोलत राहिला. रक्तदात्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आपला नंबर मिळाला, इथं बारामतीत एक पेशंट आहे, गर्भाशयाला गाठी आहेत, दोन वर्षं अंगावरून जातंय, अंगावरच काढलं, रक्त फक्त चार पॉइंट राहिलंय, ऑपरेशन करायचं तर आधी रक्त पाहिजे, आणि पेढीतलं एकही रक्त जुळायला तयार नाही. मग एकदम गावाकडच्या बोलण्यावर घसरून तो म्हणाला, "तुमी या, मॅडम. गाडी पाठवतो. मानसन्मान सगळा करू. काय विषय न्हाय."

हे 'काय विषय न्हाय' दत्तोबा मिसरूड फुटल्यापासून म्हणत आलेला. फुलाबाईच्या मनात उरलीसुरली शंका होती तीही गेली. तिनं विचारलं, "पेशंट तुमची कोण?"

"बहीण हाय. सख्खी."

फुलाबाईनं पोळपाटावरची चपाती उचलून तव्यावर टाकली. मग विचारलं, "किती बहिणी तुमाला?"

"एकच, मॅडम. एकुलती एक."

"एकच?"

"एकच बघा. म्हणून तर जीव तुटतोय."

चपाती करपली. तिनं ती काढून बाजूला टाकली आणि म्हणाली, की येते, गाडी पाठवू नका, मी एसटीनं येते. आणि फोन ठेवला. वालचंदनगर म्हटल्यावर तरी आपली कुणी तिथं राहते हे त्याला आठवावं, तेवढंही झालं नव्हतं. खोटं बोलायला निदान खरं आठवावं लागतं. तो विसरलाच होता.

तिनं आधी अठरा डबे भरले. गोकुळ पहिल्या पाळीला गेला होता. तिनं पुण्याला लेकीला, श्रेयाला, फोन लावला आणि झालेलं सांगितलं. श्रेया भडकली. नको जाऊस म्हणाली, साताऱ्याचा एक दाता आहे म्हणतेस ना, त्याला बोलावू देत. फुलाबाई म्हणाली, की एका पिशवीनं भागत नाही, दोन तरी लागतील, त्यालाही बोलावलं असणार. श्रेया म्हणाली, "मग तू त्यांना माफ केलंस का?"

"माफ कशाचं करतीय मी? मिरजंच्या त्या बाईला मी वळखत बी न्हवते, तिला दिलंच की. ही बी तशीच एक."

दुपारी ती रक्तपेढीत पोचली तेव्हा बाकावर कडक इस्त्रीतला दत्तोबा बसला होता. मांडीवर शाल आणि नारळ, शेजारी मोबाइल तयार धरलेला एक कार्यकर्ता. फुलाबाई त्याच बाकाच्या टोकाला टेकली. दत्तोबानं तिची साधी साडी, हातातली कापडी पिशवी बघितली आणि न ओळखता म्हणाला, "बाई, जरा तिकडं बसा. आमच्या मॅडम यायच्या हायत."

ती उठली आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथून तिला तो नीट दिसत होता. केस काळे केलेले, कानाजवळ पांढरे राहून गेलेले. बोटांत चार अंगठ्या. दाराशी कुणी बाई दिसली की तो अर्धवट उठे आणि परत बसे. दहाएक मिनिटं फुलाबाईनं त्याची ही उठबस बघितली. एवढी करमणूक तिची बऱ्याच वर्षांत झाली नव्हती.

मग मनिषा बाहेर आली आणि म्हणाली, "फुलाबाई, तुम्ही बाहेर का बसलात? या की आत."

कार्यकर्त्यानं मोबाइल वर केला. दत्तोबानं आधी मनिषाकडं बघितलं, मग खुर्चीकडं. शाल मांडीवरून घसरली. त्यानं हातानंच कार्यकर्त्याला मोबाइल खाली घ्यायला लावला.

"तू?"

"मी. मॅडम," फुलाबाई म्हणाली.

त्यानं मनिषाला बाजूला घेऊन दुसरं कुणी मिळत नाही का, असं विचारलं. मनिषाला यातलं काही माहीत नव्हतं. साताऱ्याहून एक जण निघालाय, तो बँकेत शिपाई आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल. पण पेशंटची अवस्था बघता दोन्ही पिशव्या लागतील, असं तिनं सरळ सांगितलं. मग तो फुलाबाईजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, की झालं गेलं ते झालं, त्यात काय विषय न्हाय, तू आलीस हे चांगलंच केलंस. फक्त बाहेर कुठं बोलू नकोस. पावण्यारावळ्यांत नाव निघायला नको. लोक काहीबाही अर्थ काढतात.

फुलाबाईनं ते ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "बारा वर्षांमागं एक रजिस्टर पत्र आलं हुतं तुज्याकडं. सही तुजीच हाय."

दत्तोबानं आठवून बघितलं. त्याला आठवलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. "ते व्हय. आमाला वाटलं, जमिनीच्या वाटणीची नोटीस हाय. वकिलाकडं ठेवलंय."

"उघडलं न्हाय?"

"वकील म्हणला, उघडू नका. उघडली की लागू हुती."

बारा वर्षं तिनं मनाशी काय काय धरलं होतं. पत्र फाडलं असेल, जाळलं असेल, वाचून थुंकला असेल. रागानं फाडलं असतं तर त्यात काहीतरी होतं. आणि हा माणूस, बहिणीचा जीव वाचवणारा कागद वाटणीच्या भीतीनं पाकिटातच ठेवून दरवर्षी रक्तदानाचे फ्लेक्स लावत होता. तिला त्याचा राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं.

"त्यात लिवलं हुतं, तुमी दोघं तपासून घ्या," ती म्हणाली. "तवाच घेतलं असतं, तर बनीला कसलं रक्त चालतं ते आज शोधत बसावं लागलं नसतं. अप्पा म्हणायचं, फुलीचं रक्त आमचं न्हाय. आता बघ. अख्ख्या भावकीत हिला चालंल असं माजंच हाय."

मग ती मनिषाकडं वळून म्हणाली, "ताई, ह्यो बी सख्खाच हाय बरं का. ह्याचं बी बघून घ्या की."

मनिषाला तेव्हा कुठं सगळा उलगडा झाला. तिनं पेशाला शोभेल अशा शांतपणानं विचारलं, की तुम्ही तर म्हणाला होतात, तुमचा गट तपासलाय, ओ पॉझिटिव्ह. कुठं तपासलाय, कार्ड आहे का. दत्तोबा म्हणाला, की कार्ड घरी आहे, शिबिरातलंच आहे. शिवाय शुगर आहे, डॉक्टरांनी रक्त द्यायला मना केलंय. मनिषा म्हणाली, की द्यायचं नाहीये, नुसतं बघायचंय, पाच मिली काढते. तेवढ्यात दत्तोबाचा फोन वाजला. की नाही वाजला, कुणास ठाऊक. त्यानं तो कानाला लावला आणि हॅलो हॅलो करत बाहेर गेला. कार्यकर्ता शाल-नारळ घेऊन त्याच्या मागं गेला. त्या दिवशी दोघं परत आले नाहीत.

आत फुलाबाईचं वजन झालं, दाब झाला, बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन साडेतेरा निघालं. कॉटवर आडवी झाल्यावर मनिषानं दंडाला पट्टा बांधला आणि हातात चेंडू दिला. सुई टोचताना फुलाबाई नेहमी सुईकडंच बघायची. आजही बघितली. नळीतून रक्त पिशवीकडं निघालं, काळपट, कोमट. पिशवी हलत्या तबकात डुलायला लागली. चेंडू दाबायचा, सोडायचा. छातीत आपलं काळीज एका लयीत ठोके देतंय हे तिला कानात ऐकू येत होतं. एवढ्या बडबडीनंतरही ते जोरात पळत नव्हतं, याचं तिला बरं वाटलं.

मनिषा हळूच म्हणाली, "वर वॉर्डात जाऊन भेटणार का बहिणीला?"

"न्हाय."

पाचसात मिनिटांत पिशवी भरली. मनिषानं चहा-बिस्किट दिलं. तेवढ्यात बनाबाईचा नवरा युवराज धापा टाकत आला. डाळजला वांगी-दोडका करणारा साधा शेतकरी, चेहरा उतरलेला. त्याला कुणीतरी जिन्यातच सांगितलं असावं. तो पाया पडायला वाकू लागला, तसे फुलाबाईनं पाय खुर्चीखाली घेतले. ती म्हणाली, की माझ्या पाया पडून पिशवीतलं वाढणार नाही. दोन वर्षं बाई रक्ताच्या घागरीवर घागरी वाहून टाकतीय आणि तुम्ही बीट न् गूळ खायला घालत बसला होता, तेवढं पुढच्या खेपेला ध्यानात ठेवा. युवराज मान खाली घालून हो म्हणाला. खरं म्हणजे दवाखान्याचा तगादा एकट्यानं त्यानंच लावला होता आणि बनाबाईच वांग्यांचा हंगाम जाऊ दे म्हणून टाळत होती, हे फुलाबाईला मागाहून कळलं. तेव्हा तिला थोडंसं लागलं. पण बोललेलं ती परत घेत नसे.

रात्रीचे डबे करायचे म्हणून ती सहाच्या गाडीनं परत गेली.

साताऱ्याचा शिपाई आला, त्याची पिशवीही लागली, ऑपरेशन झालं. आठवड्यानं श्रेयानं पुण्याहून आईला एक फोटो पाठवला. दत्तोबाचं स्टेटस, कुणीतरी पुढं पाठवलेलं. रक्ताची पिशवी धरलेला एक अंगठ्यांचा हात, आणि वर लिहिलेलं, 'दुर्मिळ बॉम्बे रक्तगट. भाऊंच्या अथक प्रयत्नांना यश. बहिणीचे प्राण वाचले.' पिशवी दुसऱ्याच कुणाची होती. तिच्यावर ठळक बी छापलेलं स्पष्ट दिसत होतं. फुलाबाईनं तो फोटो गोकुळला दाखवला. गोकुळ आयुष्यात क्वचितच मोठ्यानं हसायचा, तेव्हा हसला.

बनाबाई आली ती साडेपाच महिन्यांनी. एकटी, एसटीनं. फुलाबाई दारात डबे घासत होती. समोरची बाई कोण हे तिला लगेच कळलं, कारण आईचंच कपाळ. पण आई कपाळापुरतीच. बाकीचं सगळं वाळलेलं, हातांवर भाजीच्या पिकातले ओरखडे. बनाबाईनं वांग्यांची पिशवी उंबऱ्याजवळ ठेवली आणि उभी राहिली. फुलाबाईनं ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. चार डबे घासून झाले.

शेवटी बनाबाई म्हणाली, "अक्का, तुजं रगत हाय माज्या अंगात. म्हणून उभी तरी हाय मी."

"न्हाय आता," फुलाबाई म्हणाली. "मला ताईंनी सांगितलंय. दुसऱ्याच्या पेशी चार म्हैनेबी धड टिकत न्हाईत. मरून जात्यात. तुला देऊन साडेपाच झालं. आता जे हाय ते समदं तुजं तू केलेलं. माजं तुज्याकडं काय बी ऱ्हायलं न्हाय."

बनाबाईला हे अपेक्षित नव्हतं. तिनं वाटेत सगळं जुळवून आणलेलं असावं, रडण्यासकट. फुलाबाईनं पाचवा डबा घेतला. बनाबाई तिथंच उकिडवी बसली, दुसरी काथ्याची जुडी उचलली आणि सहावा डबा घासायला लागली.

मग ती डब्याकडं बघत बोलायला लागली. आई गेली त्या दिवशी दादानं तिला दारात उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, की तू हिला आत घेतलीस तर तुलाही माहेर बंद. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पोर नव्हतं, सासू रोज माहेराला धाडीन म्हणायची. माहेर गेलं असतं तर जायचं कुठं. ती भ्याली. एवढंच. सबब म्हणून पुढं करायला तिच्याकडं दुसरं काही नव्हतं.

"आईनं शेवटी माजं नाव घेतलं हुतं का?" फुलाबाईनं विचारलं. हा प्रश्न तिनं वीस वर्षं कुणालाच विचारला नव्हता.

बनाबाईनं खोटं सांगायचा विचार केला असावा. मग ती म्हणाली, "न्हाय. आई सुदीत न्हवती. कुणाचंच घेतलं न्हाय."

फुलाबाईनं मान हलवली. खोटं बोलली असती तर तिनं त्याच क्षणी तिला घालवून दिलं असतं. ती उठली, आत गेली आणि दोन ताटं वाढली. जेवताना तिनं वांगी किडकी आहेत, फवारणी वेळेवर करत नाही वाटतं, असं सांगितलं. बनाबाई दोन चपात्या जास्त जेवली.

त्यानंतर बनाबाई दोनतीन महिन्यांतून एकदा यायची. दत्तोबाला ते कळलं. त्यानं युवराजला फोन करून समज दिली. युवराजनं फोन ठेवून दिला. पुढच्या वाढदिवसाच्या शिबिरात डाळजच्या काही पोरांनी भाऊंनीच पहिली बाटली द्यावी म्हणून आग्रह धरला, तेव्हा भाऊंना एकाएकी पुण्याला मीटिंग निघाली. त्याचा गट कोणता, हे आजही कुणाला माहीत नाही. मनिषानं दोनदा निरोप पाठवला, की अपघात सांगून होत नाही, तपासून घ्या. तिसऱ्यांदा पाठवू का, म्हणून तिनं फुलाबाईला विचारलं. फुलाबाई म्हणाली, की पाठवा, पण साध्या पोस्टानं पाठवा. रजिस्टर ते उघडत नाहीत.

गेल्या महिन्यात अकलूजच्या एका बाळंतिणीसाठी फुलाबाईला बोलावणं आलं. ती बारामतीला पोचली, तर बनाबाई आधीच रक्तपेढीच्या पायरीवर बसलेली. माझंही नाव यादीत घाला, म्हणाली. आता गाठ नाही, अंगावरून जात नाही, मी चांगली आहे. मनिषानं तिच्या बोटाचा थेंब घेतला. अकरा पूर्णांक सहा. साडेबारा असल्याशिवाय घेता येत नाही, असं मनिषानं सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

बनाबाईचं तोंड पडलं. फुलाबाई कॉटवर चढत होती. बाही वर करता करता ती म्हणाली, "गोळ्या उपाशी पोटी लिंबाच्या पाण्याबरोबर घेत जा. आन् चहा निम्म्यावर आण. कोंबडीवानी दिवसभर चहा पितीस."

मनिषानं पट्टा आवळला. बनाबाई स्टूल ओढून उशाशी बसली.